जुन्या गाडीचा हीटर: गरम हवा थांबत नसेल किंवा येतच नसेल तर काय तपासावं

ठाणे-नवी मुंबईत जुन्या गाडीच्या हीटरची आठवण वर्षातून दोनदा होते. मे महिन्यात लिव्हर पूर्ण ‘कोल्ड’वर असूनही पायांवर गरम झोत येत राहतो तेव्हा, आणि जुलैत घोडबंदर रोडवर समोरची काच आतून धुरकट होते तेव्हा. पहिल्या तक्रारीवर गॅरेजमध्ये ठरलेला उपाय असतो: हीटरचे दोन्ही होज पाइप काढून बायपास, म्हणजे पाणी हीटरला वळसा घालून सरळ परत. गरम हवा थांबते, पण पावसाळ्यात काच साफ करायचं साधनही जातं. शिवाय इंजिन तापलं तर उष्णता बाहेर टाकायची आणीबाणीची वाट बंद होते. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला अर्धा-पाऊण तास पुरतो. तेवढं केल्याशिवाय बायपासला हो म्हणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पद्मिनी, अँबेसेडर, कॉन्टेसा, मारुती ८००, जिप्सी, जुनी मर्सिडीज अशा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांना पुढचं सगळं लागू पडतं. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन हवेने थंड होतं आणि तिचा हीटर एग्झॉस्टभोवतीच्या उष्णतेवर चालतो. तिथे गरम हवेला धुराचा वास आला तर तापमानाचा विचार बाजूला ठेवून आधी काचा उघडाव्यात आणि हीट एक्स्चेंजर (एग्झॉस्टच्या उष्णतेने हवा तापवणारा भाग) फुटला आहे का ते पाहून घ्यावं. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून नुसत्या धुराच्या वासालाही गांभीर्याने घ्यावं.

आधी तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते ओळखा

इंजिनातलं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअरची हवा त्यातून जाऊन तापते. तापमान कमीजास्त करायच्या पद्धती मात्र वेगवेगळ्या आहेत. जुन्या साध्या गाड्यांत केबलने उघडझाप होणारा हीटर कॉक असतो आणि कोअरमध्ये किती पाणी जाईल ते तो ठरवतो. काही गाड्यांत कोअरमधून पाणी कायम फिरतं आणि एक फ्लॅप थंड व गरम हवेचं प्रमाण बदलतो. काहींमध्ये दोन्ही असतं. नंतरच्या काळातल्या मर्सिडीजसारख्या गाड्यांत कॉकच्या जागी विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आहे.

बॉनेट उघडून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे पाहा. शेजारी शेजारी आत जाणारे दोन रबरी पाइप दिसतील, बहुधा १६ मिमी म्हणजे ५/८ इंच आतल्या मापाचे. एक हेडकडून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाकडून गरम पाणी आणतो, दुसरा ते वॉटर पंपाकडे परत नेतो. येणाऱ्या पाइपवर किंवा थेट हेडवर केबल जोडलेला कॉक दिसला, तर पहिली पद्धत. अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी बी-सिरीज घराण्यातल्या इंजिनांवर हा कॉक हेडच्या मागच्या टोकाशी शोधावा. कॉक कुठेच सापडला नाही, तर फ्लॅपवाली पद्धत धरावी. पण कुणी आधीच कॉक काढून सरळ पाइप जोडलेला असू शकतो. लिव्हरपासून निघालेली केबल कुठवर जाते ते पाहिलं की शंका उरत नाही.

पाइपांचं तापमान: निम्मं निदान इथेच होतं

साधा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरे. तो चकचकीत धातूवर चुकीचं, बहुधा कमी तापमान दाखवतो, म्हणून धातूचा भाग मोजायचा असेल तर आधी काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावं. रबरी पाइपवर अडचण येत नाही. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणावी, हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये इंजिन स्लोवर ठेवावं, फॅन आणि बेल्टपासून हात, ओढणी, मोबाइलची दोरी लांब ठेवावी. रेडिएटरचं झाकण या अवस्थेत अजिबात उघडायचं नाही.

लिव्हर पूर्ण ‘हॉट’वर आणि ब्लोअर मधल्या वेगावर ठेवून दोन्ही पाइप मोजा. येणारा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि परतीचा त्याहून १० ते २० अंशांनी कमी असेल, तर पाण्याची बाजू ठीक आहे. तरीही आत गार हवा येत असेल, तर दोष फ्लॅपमध्ये किंवा ब्लोअरमध्ये. येणारा चांगला गरम आणि परतीचा जवळजवळ गार असेल, तर प्रवाह अडला आहे: कॉक उघडत नाही, कोअर चोक झालं आहे किंवा आत हवा अडकली आहे. दोन्ही नुसते कोमट असतील, तर इंजिनच पुरेसं तापत नाही किंवा कूलंट कमी आहे.

आता लिव्हर पूर्ण ‘कोल्ड’वर न्या आणि दहा मिनिटं थांबा. कॉकवाल्या गाडीत कॉकच्या पुढचा पाइप हळूहळू निवायला हवा. बॉनेटखालच्या उष्णतेमुळे तो बाहेरच्या हवेइतका गार होणार नाही, पण कॉकच्या अलीकडचा भाग ८० आणि पलीकडचाही ७०-७५ अशी स्थिती राहिली, तर कॉक आतून पाणी सोडतो आहे किंवा केबल त्याला पूर्ण बंद करत नाही. फ्लॅपवाल्या गाडीत मात्र दोन्ही पाइप कायम गरम असणं हेच बरोबर आहे. हे लक्षात न आल्याने चांगले पाइप आणि कोअर बदलले जातात.

गरम हवा हीटरचीच आहे ना?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. कॉकच्या पलीकडचा पाइप निवाला आणि तरीही पायांना झळ लागत असेल, तर ती दुसरीकडून येते आहे. फायरवॉलमधून वायरिंग, स्टीअरिंग कॉलम आणि क्लच-अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल आत येतात, तिथले रबरी ग्रोमेट कडक होऊन फुटतात. गिअर लिव्हरच्या बुटाला भेग असते. सायलेन्सरच्या पाइपावरची हीट शील्ड पूर्वीच गंजून पडलेली असते. अंधारात बॉनेटखाली प्रखर टॉर्च लावून आत पायांच्या जागी पाहावं; जिथून उजेड दिसेल तिथूनच हवा येते.

आणखी एक कारण आपल्याकडे सर्रास आढळतं. इंजिन तापू नये म्हणून बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड उचललेली असते, किंवा तिथली रबरी पट्टी गळून गेलेली असते. काचेखालच्या जाळीतून गाडीत ताजी हवा घेतली जाते आणि जाळी या फटीला लागून असते, त्यामुळे ब्लोअर इंजिनवरची तापलेली हवा आत ओढतो. वॉशर काढून नवी पट्टी लावली की हीटरला हात न लावता तक्रार संपते.

कोल्डवर असताना ताज्या हवेच्या व्हेंटचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा चार-पाच अंश जास्त असलं तर चालवून घ्यावं. दहा अंशांहून अधिक फरक असेल तर कुठून तरी उष्णता आत शिरते आहे असं समजावं.

केबल आणि कॉक

कॉककडचं केबलचं टोक सोडवा आणि इंजिन गार असताना कॉकचा दांडा हाताने फिरवून पाहा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज फिरला तर कॉक निर्दोष असण्याची शक्यता जास्त, आणि केबलकडे वळावं. दांडा जड असेल किंवा मध्येच अडत असेल तर लिव्हर जोराने ओढू नका. आतली तार वाकते, नाहीतर डॅशबोर्डमधला प्लॅस्टिकचा लिव्हर तुटतो, आणि तो मिळवणं कॉकपेक्षा कितीतरी अवघड आहे.

केबलचा नेहमीचा दोष आतल्या तारेत नसून बाहेरच्या कव्हरच्या क्लिपमध्ये असतो. क्लिप सैल झाली की लिव्हर हलवल्यावर तारेऐवजी कव्हरच मागेपुढे सरकतं आणि कॉक अर्धाच फिरतो. दुसऱ्याला लिव्हर हलवायला सांगून कॉकपाशी पाहिलं की लगेच दिसतं. केबल सेट करताना लिव्हर कोल्डच्या टोकाला न्यावा, मग २-३ मिमी परत आणावा. कॉक हाताने पूर्ण बंद करावा, त्याच स्थितीत तारेचं टोक अडकवावं, कव्हर ताणून धरून क्लिप आवळावी. लिव्हरचा तो राखून ठेवलेला २-३ मिमीचा पल्ला कॉक शेवटपर्यंत दाबून बंद करतो. केबल जड चालत असेल तर ती काढून उभी टांगावी, वरच्या टोकातून थोडं रॉकेल सोडून जुनं ग्रीस धुवावं, वाळल्यावर पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडावेत. घट्ट ग्रीस भरू नये, ते काही महिन्यांत पुन्हा चिकट होतं.

कॉक गळत असेल किंवा बंद होत नसेल तर दुरुस्तीच्या मागे न लागता बदलावा. आतलं रबर किंवा सीट एकदा खराब झाली की ती नीट बसत नाही. प्लॅस्टिक बॉडीचे जुने कॉक फार ठिसूळ झालेले असतात. त्यावरचा पाइप पिळून काढायला गेलात तर नळी मोडून आत राहते. पाइपच जुना असेल तर ब्लेडने लांबीत चिरून काढावा. कोअरच्या तांब्या-पितळेच्या नळ्यांनाही हाच नियम, कारण तिथे पिळलं की डाख सुटतो.

नवा कॉक घेताना जुना सोबत न्या आणि तीन गोष्टी जुळवा: नळीचं बाहेरचं माप, प्रवाहाच्या बाणाची दिशा आणि दांडा ओढल्यावर बंद होतो की उघडतो. ही तिसरी गोष्ट राहून जाते आणि मग कोल्डवर गरम, हॉटवर गार असा उलटा कारभार होतो. मारुती ८०० चे कॉक स्पेअर पार्टच्या दुकानात ‘हीटर कॉक’ म्हणून मागितले की मिळतात. पद्मिनी-अँबेसेडरच्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाउसचा बाजार पालथा घालावा लागतो. जुन्या साठ्यातला कॉक विकत घेण्याआधी तोंडाने फुंकून पाहावा. बंद स्थितीत हवा जाता कामा नये.

मूळ भाग मिळेपर्यंत नळाच्या दुकानातला अर्ध्या इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंना होज निपल लावून, येणाऱ्या पाइपमध्ये बसवता येतो. तो डॅशबोर्डवरून चालणार नाही, बॉनेट उघडूनच फिरवावा लागेल. पण मार्चमध्ये बंद, जूनमध्ये चालू एवढंच हवं असेल तर तो कायमच्या बायपासपेक्षा कैक पटीने बरा. पाइप ईपीडीएम रबराचा हीटर होजच घ्यावा. पेट्रोलचा पाइप किंवा पारदर्शक नळी इथे फुगते आणि फुटते.

काही जुन्या अमेरिकी आणि ब्रिटिश गाड्यांत कॉकला बारीक तांब्याची केशनळी जोडलेली असते, जी हवेचं तापमान ओळखून प्रवाह आपोआप कमीजास्त करते. ती नळी मोडली किंवा चिरली की आतलं द्रव्य निघून जातं आणि नियंत्रण संपतं. ती सरळ करू नका, ओढू नका. कॉक काढताना नळीसकट पूर्ण सोडवा.

मर्सिडीजचा विजेवरचा व्हॉल्व्ह

डब्ल्यू १२४ सारख्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असतो आणि वीज मिळाल्यावर बंद होतो. म्हणून फ्यूज उडाला, कनेक्टर गंजला किंवा आतला पडदा फाटला, तर परिणाम एकच: सतत गरम हवा. इग्निशन चालू, चक्र पूर्ण थंडवर ठेवून व्हॉल्व्हच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. तिथे १२ व्होल्ट मिळत असूनही पाइप गरम राहत असेल तर दोष व्हॉल्व्हमध्ये, आणि बहुधा आतला पडदा किंवा प्लंजर बदलून काम होतं. व्होल्टेजच नसेल तर फ्यूज, वायरिंग, तापमानाचा सेन्सर आणि शेवटी कंट्रोल युनिट या क्रमाने जावं. युनिट आधी बदलण्याची घाई खिशाला फार जड पडते.

हवा येते पण गरम होत नाही

इथे पहिला संशय थर्मोस्टॅटवर (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणाऱ्या झडपेवर) घ्यावा, आणि तोही खराब असण्यापेक्षा गायब असण्याचा. ‘आपल्याकडच्या गरमीत कशाला हवा’ म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत फार रुजली आहे. पाम बीच रोडवर मोकळ्या रस्त्याने गाडी पळाली की इंजिन ६०-६५ अंशांवरच राहतं. हीटर कोमट, पेट्रोल जास्त, आणि थंड सिलिंडरमधून उतरणाऱ्या पेट्रोलने ऑइल पातळ होतं. थर्मोस्टॅट काढल्याने मूळ तापण्याचं कारण, म्हणजे चोक झालेला रेडिएटर किंवा अशक्त फॅन, तसंच राहतं. थर्मोस्टॅट परत बसवावाच.

बसवण्याआधी तो तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने बुडवून टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. ८२ छापलेला असेल तर त्याच सुमाराला तोंड उघडू लागलं पाहिजे आणि त्यावर दहा-बारा अंशांत पूर्ण उघडलं पाहिजे. गार पाण्यात उघडाच असेल किंवा उकळत्या पाण्यातही मिटलेला असेल तर टाकून द्या. बसवताना स्प्रिंग इंजिनकडे आणि हवा सोडणारी छोटी पिन वरच्या बाजूला. पॅकिंग नवं घ्यावं.

थर्मोस्टॅट ठीक, पण हीटर स्लोवर गार आणि रेस केल्यावर गरम, असं होत असेल तर कूलंट कमी आहे, आत हवा आहे किंवा पंपाचं इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) झिजलं आहे. डॅशबोर्डमागून गुळगुळ असा आवाज आला तर हवाच. ती काढण्यासाठी गार इंजिनावर गाडीचं नाक चढावर घ्या, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून तोंडापर्यंत कूलंट भरा, हीटर पूर्ण हॉटवर ठेवा आणि इंजिन स्लोवर चालू करा. पाइप हळूच दाबत राहा, ते फार तापले की हात आवरा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भर घाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. हवा काढायचा स्क्रू दिलेला असेल तर तो आधी सोडा. अर्धा तास झाला तरी बुडबुडे थांबतच नसतील आणि कूलंट बाहेर फेकलं जात असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं पॅकिंग) तपासून घ्यावी.

चोक झालेलं कोअर

कोअरच्या नळ्या मुख्य रेडिएटरपेक्षा अरुंद, म्हणून गाळ आधी इथे बसतो. गळती थांबवायला रस्त्यात टाकलेली हळद, स्टॉप-लीकची पूड, वर्षानुवर्षं भरलेलं साधं पाणी, सगळं इथे येऊन थांबतं. घोडबंदर परिसरातल्या ज्या सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, तिथे ते रेडिएटरमध्ये मुळीच घालू नये. जड पाण्यातला क्षार गरम नळ्यांच्या आत पापुद्रा धरतो.

इंजिन पूर्ण गार असताना दोन्ही पाइप फायरवॉलपाशी सोडा, खाली बादली ठेवा. एका नळीला बागेचा पाइप जोडून दुसरीतून एक बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहा. तोच नळ, तोच पाइप, कोअर न जोडता किती वेळ लागतो तेही पाहा. दुपटीहून जास्त फरक असेल तर चोक. आधी उलट्या दिशेने पाणी सोडून गाळ काढा. नळाचा नेहमीचा दाब पुरे. वॉशिंग सेंटरची गन किंवा कॉम्प्रेसर लावला तर जुने डाख उकलतात.

गाळ निघूनही प्रवाह सुधारला नाही तर एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून कोअरमध्ये भरा. तांब्या-पितळेच्या कोअरमध्ये अर्धा तास, अ‍ॅल्युमिनियमच्यात दहा मिनिटांवर नको. धुवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा करा. शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून फिरवा आणि पुन्हा स्वच्छ धुवा. अति जुनं कोअर या धुण्यानंतर गळू शकतं, कारण क्षारानेच भोक बुजलेलं असतं. ते पुढेमागे उघडं पडणारच होतं.

गळतीची खूण: गोडसर वास, काचेवर आतून तेलकट थर, डावीकडचं कार्पेट ओलं. एसी असलेल्या गाडीत दमट हवेमुळे इव्हॅपोरेटरचं (एसीच्या गार जाळीचं) पाणीही तिथेच साचतं, म्हणून पांढरा टिश्यू दाबून पाहा. पाणी असेल तर रंग नसतो, कूलंट रंगीत आणि बुळबुळीत लागतं. तांब्याचं कोअर चांगला रेडिएटर कारागीर डाख देऊन दुरुस्त करतो. परत घेताना पाण्यात बुडवून, एक बारच्या आसपास हवा भरून बुडबुडा येत नाही ना हे समोर पाहून घ्यावं. रेडिएटरचं मूळ झाकण ७ पीएसआय दाबाचं असलेल्या गाडीला १३ चं लावू नये, वाढलेला दाब सर्वांत आधी कोअरच्या सांध्यावर येतो.

फ्लॅप, फोम आणि पावसाळ्यातली काच

फ्लॅपच्या कडेचा फोम कुजला की बंद फ्लॅपच्या बाजूनेही गरम हवा निसटते. व्हेंटमधून काळी भुकटी उडू लागली की तो गेला असं समजा. ५-६ मिमी जाडीचा बंद छिद्रांचा फोम चिकटवावा; साधा स्पंज पाणी धरून ठेवतो. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर रेझिस्टर जळला आहे.

काच साफ करायला हवा बाहेरची ताजी घ्यावी, गाडीतलीच फिरती नको. लिव्हर मध्यावर, झोत काचेकडे, एसी असेल तर सोबत चालू: एसी ओलावा काढतो, हीटर हवेची ओलावा धरायची क्षमता वाढवतो. धुकं काचेच्या बाहेरून असेल तर उलट आतली हवा फार गार आहे. वायपर फिरवावा आणि एसी कमी करावा. जूनच्या आधी काचेखालच्या जाळीतली गुलमोहराची बारीक पानं उपसून पाणी जायची भोकं मोकळी करावीत. ती तुंबली की पाणी थेट ब्लोअरवर येतं आणि काच काही केल्या सुकत नाही.

मुंब्रा बायपास किंवा गायमुखच्या कोंडीत काटा लालकडे सरकू लागला, तर एसी बंद, हीटर पूर्ण हॉट, ब्लोअर पूर्ण वेगात, काचा उघड्या. गाडीत घाम फुटेल, पण बाजूला थांबायला जागा मिळेपर्यंत इंजिन वाचतं.

भरणं आणि चाचणी

इथिलीन ग्लायकोलचं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरावं. तयार मिश्रण घेतलं तर त्यात पाणी घालू नये आणि वेगवेगळ्या जातींची कूलंटं एकत्र करू नयेत. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा पार्किंगमध्ये ओतू नका. ते गोड लागतं, सोसायटीतली मांजरं-कुत्री चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या टाकाऊ ऑइलसोबत पण वेगळ्या डब्यात द्यावं.

चाचणीसाठी वाशी ते बेलापूर पाम बीच रोडने मोकळी फेरी आणि लगेच सिग्नल-सिग्नल थांबत परतीची फेरी, असे दोन्ही प्रकार घ्यावेत. पहिल्या निम्म्यात हॉट, नंतर कोल्ड, आणि दोन्ही वेळा व्हेंटचं तापमान लिहून ठेवावं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना होजच्या क्लिप पुन्हा अर्धा फेरा आवळाव्यात, कारण नवं रबर पहिल्या तापण्यानंतर बसतं, आणि रेडिएटरचं झाकण उघडून कमी झालेलं कूलंट भरावं.